पर्ल हार्बर : बारा मीटर पाण्याचा हिशेब

पर्ल हार्बरबद्दल, म्हणजे हवाई बेटांवरच्या अमेरिकी नौदलतळावर जपानने ७ डिसेंबर १९४१ ला केलेल्या हल्ल्याबद्दल, मराठीत जे काही वाचायला मिळतं त्यात दोन गोष्टी हमखास असतात: जपानचा दगा आणि अमेरिकेची झोप. पण ३५० च्या आसपास विमानं घेऊन हजारो किलोमीटरवरच्या बंदरातल्या युद्धनौका बुडवायच्या म्हटल्यावर नुसता दगा पुरत नाही. त्यासाठी काय काय जमवावं लागलं आणि ते कुठे कुठे फसलं, हे मला जास्त रंजक वाटतं. सुरुवात एका आकड्यापासून करतो. बंदरात युद्धनौका जिथे बांधलेल्या असत, तिथे पाणी साधारण १२ मीटर खोल होतं.

विमानातून टाकलेला टॉर्पेडो पाण्यात शिरला की आधी खोल जातो, मग त्याचं खोलीचं यंत्र त्याला वर आणतं आणि ठरलेल्या खोलीवर तो धावू लागतो. त्या काळी ही पहिली बुडी ३० मीटरपर्यंत सहज जाई. म्हणजे १२ मीटरच्या बंदरात टॉर्पेडो सरळ चिखलात. फेब्रुवारी १९४१ मध्ये अमेरिकी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल स्टार्क यांनी हवाईतल्या ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल किमेल यांना लिहिलं, की विमानातून टॉर्पेडो टाकायला किमान ७५ फूट, म्हणजे २३ मीटर पाणी लागतं. बंदर आधीच अरुंद, त्यात नौकांभोवती टॉर्पेडोविरोधी जाळी लावली तर ये-जा अडते. मग जाळी लावलीच नाहीत. जूनमध्ये नौदलाने दुसरं पत्र पाठवून सावध केलं, की आता उथळ पाण्यातही टॉर्पेडो चालू शकतात, खोलीच्या भरवशावर कुठलीही मोठी नौका सुरक्षित मानू नका. तरीही जाळी आली नाहीत.

या दुसऱ्या पत्रामागे काय होतं ते उघड आहे. ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री ब्रिटिशांच्या २१ स्वोर्डफिश विमानांनी, तीही कापडी पंखांची दुपंखी, इटलीच्या तारांतो बंदरात शिरून तीन युद्धनौका निकामी केल्या होत्या. तिथलंही पाणी उथळच. जपानचे बर्लिनमधले साहाय्यक नौदल प्रतिनिधी ताकेशी नाइतो तारांतोला जाऊन सगळं पाहून आले.

जपानी नौदलाच्या हाती ९१ क्रमांकाचा टॉर्पेडो होता: जाडी ४५ सेंमी, लांबी साडेपाच मीटरच्या आत-बाहेर, वजन ८०० किलोहून थोडं जास्त, त्यातली २०५ किलो स्फोटकं. अडचण दोन ठिकाणी होती. पहिली, पाण्यात शिरण्याच्या कोनाची. विहिरीत सूर मारणाऱ्याला हे सांगायला नको: उंचावरून उभा सूर मारला की तळ गाठला जातो, काठाशी आडवा मारला की वरच्यावर निघता येतं. आकडेमोड सोपी आहे. ताशी ३०० किमी वेगाच्या विमानाने १०० मीटरवरून टॉर्पेडो सोडला तर तो साधारण २८ अंशांत पाण्यात घुसतो. तोच २० मीटरवरून सोडला तर १३-१४ अंशांत. म्हणजे वैमानिकाने जवळजवळ डोलकाठ्यांच्या उंचीवरून यायचं, विमानाचं नाक सरळ ठेवायचं, आणि दोन सेकंदांत टॉर्पेडो पाण्यात. हे जमावं म्हणून क्यूशू बेटावरच्या कागोशिमाच्या आखातात महिनोन्‌महिने सराव चालला.

पण नुसतं खाली उडून भागेना, कारण दुसरी अडचण लोळण्याची होती. हवेतून पडताना टॉर्पेडो स्वतःच्या अक्षाभोवती फिरतो. तो पाव फेरा फिरून पाण्यात शिरला, की खोली सांभाळणारी त्याची सुकाणं आडवी-उभी होऊन बसतात. वर यायचा हुकूम सुटला तरी टॉर्पेडो वळतो बाजूला, नाहीतर थेट तळाशी. यावर दोन गोष्टी केल्या. शेपटीवर लाकडी पंखांची चौकट बसवली, जी हवेत त्याचा कल धरून ठेवी आणि पाण्यावर आदळताच तुटून पडे. शिवाय दोन्ही बाजूंना लहान पाती लावून ती जायरोने (कल न सोडणाऱ्या फिरत्या चाकाने) चालवली, म्हणजे टॉर्पेडो लोळू लागला की पाती त्याला परत सरळ करत. हे सुधारित टॉर्पेडो तयार व्हायला इतका वेळ लागला, की ताफा निघायच्या तोंडावर त्यांचा साठा ‘कागा’ या विमानवाहू नौकेवरून आला. पहिल्या लाटेत ४० विमानांकडे हे टॉर्पेडो होते. त्यातले साधारण निम्मे लागले. चिखलात गेलेलेही होतेच.

इथे भूगोल मदतीला आला. बंदराच्या मधल्या फोर्ड आयलंड बेटाच्या पूर्व काठाला युद्धनौकांची रांग होती आणि तिच्या बरोबर समोर बंदराचा एक फाटा सरळ आत गेलेला होता. त्या फाट्यावरून खाली उतरत आलं की मधे काही आड येत नाही आणि टॉर्पेडोला धावायला पुरेसं पाणी मिळतं. होनोलुलूच्या जपानी वकिलातीतून खोट्या नावाने हेरगिरी करणारा नौदल अधिकारी ताकेओ योशिकावा अशाच गोष्टी कळवत होता: कोणती नौका कुठे, कुठे दोन-दोन शेजारी बांधल्यात, जाळी आहेत का. सप्टेंबरमध्ये टोकियोने त्याला बंदराचे विभाग पाडून त्याप्रमाणे माहिती द्यायला सांगितलं. हा संदेश अमेरिकेने पकडून उलगडलाही होता. फक्त त्याचा अर्थ कुणी गांभीर्याने लावला नाही.

दोन-दोन शेजारी बांधलेल्या नौका हा पुढचा प्रश्न. टॉर्पेडो लागणार तो बाहेरच्या नौकेला. टेनेसी, मेरीलँड या आतल्या बाजूच्या नौकांपर्यंत तो पोचणारच नाही. त्यांच्यासाठी वरून बॉम्ब हवा, आणि तोही चिलखती डेक फोडून आत जाणारा. असा बॉम्ब जपानकडे तयार नव्हता, म्हणून त्यांनी ‘नागातो’ वर्गाच्या युद्धनौकांचे ४१ सेंमी तोफांचे चिलखतभेदी गोळे घेतले, यंत्रावर तासून त्यांचा आकार बदलला, मागे पंख जोडले आणि ८०० किलोचा बॉम्ब बनवला. ३,००० मीटरवरून सोडला तर तो सुमारे २५ सेकंदांत खाली येतो. हवेचा विरोध सोडून दिला, तर खाली आदळताना वेग सेकंदाला २४० मीटरच्या घरात. एवढ्या वेगाने १५ सेंमीचं पोलाद भेदता येतं. किंमत अशी, की जाड पोलादी कवचामुळे आत स्फोटकं जेमतेम २३ किलो राहिली.

असे ४९ बॉम्ब टाकले गेले. लागले दहाच्या आसपास, आणि त्यातलेही काही नीट फुटले नाहीत. टेनेसीच्या तोफांच्या बुरुजांवर पडलेले दोन अर्धवट फुटले, वेस्ट व्हर्जिनियावरचे तर फुसके निघाले. हिशेबाने हा भाग फसलाच म्हणायचा, पण एक बॉम्ब अ‍ॅरिझोनाच्या दुसऱ्या बुरुजाजवळ डेक फोडून खाली गेला आणि पुढचं दारूगोळ्याचं कोठार उडालं. एकट्या त्या नौकेवर १,१७७ माणसं मेली. त्या दिवशीच्या एकूण २,४०३ अमेरिकी मृतांपैकी जवळजवळ निम्मी.

प्रवासाबद्दल थोडक्यात. अ‍ॅडमिरल नागुमोंच्या हाताखाली सहा विमानवाहू नौका (आकागी, कागा, सोर्यू, हिर्यू, शोकाकू, झुइकाकू) कुरील बेटांतल्या हितोकाप्पू उपसागरातून २६ नोव्हेंबरला निघाल्या. वाट मुद्दाम उत्तरेची, जिथे हिवाळ्यात व्यापारी जहाजं फिरकत नाहीत. ती फिरकत नाहीत कारण समुद्र भयंकर असतो, आणि त्याच समुद्रात चालत्या नौकांना तेल भरायचं होतं. सोर्यू, हिर्यू आणि आकागीचा पल्ला इतका नव्हताच, म्हणून जागा मिळेल तिथे तेलाची पिंपं रचली गेली. २ डिसेंबरला ‘नीताका पर्वत चढा, १२०८’ हा संदेश आला: हल्ला ८ डिसेंबरला, जपानच्या घड्याळाने. हवाईत तेव्हा ७ तारीख, रविवार. जपानचा युद्धाचा निर्णय पक्का होत गेला तो जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकेने त्याचं तेल तोडल्यावर, आणि त्या तेलासाठी निघालेल्या ताफ्याला स्वतःचं तेल पिंपांतून न्यावं लागलं.

आता इशाऱ्यांकडे. हा भाग सगळ्यात जास्त सांगितला जातो, पण ‘सैनिक गाफील होते’ एवढंच सांगून संपवला जातो. खरं तर खालची माणसं जागी होती. पहाटे ३:४२ ला ‘काँडर’ या सुरुंगशोधक बोटीला बंदराच्या तोंडाशी पाणबुडीचा पेरिस्कोप दिसला. तिने ‘वॉर्ड’ या विनाशिकेला कळवलं. काँडर आत यावी म्हणून पाच वाजायच्या सुमारास पाणबुडीविरोधी जाळ्याचं फाटक उघडलं, ते ८:४० पर्यंत उघडंच राहिलं. पावणेसातच्या सुमारास वॉर्डने दोन माणसांची छोटी जपानी पाणबुडी तोफेने आणि पाण्याखालच्या बॉम्बांनी बुडवली आणि ६:५३ ला संरक्षित क्षेत्रात पाणबुडीवर मारा केल्याचं कळवलं. संदेश सांकेतिक लिपीतून उलगडणं, मग अधिकाऱ्यांचे फोन, ‘खात्री करून घ्या’ असे निरोप, यात वेळ गेला. किमेलच्या कानावर गेलं तेव्हा ७:४० होऊन गेले होते. आधी पाणबुड्या दिसल्याच्या खोट्या बातम्या इतक्या आल्या होत्या, की हीही त्यातलीच समजली गेली. ती पाणबुडी २००२ मध्ये सुमारे ४०० मीटर खोल सापडली, गोळ्याच्या भोकासकट.

रडारचं तर त्याहून वाईट. बेटाच्या उत्तर टोकाला ओपाना इथे गाडीवरून हलवता येणारं रडार होतं. ते पहाटे ४ ते ७ एवढंच चालवायचा हुकूम. सात वाजले, पण न्याहारीला न्यायची गाडी आली नाही म्हणून लॉकार्ड आणि इलियट या दोन शिपायांनी सरावासाठी ते चालूच ठेवलं. ७:०२ ला सुमारे २१० किमीवर इतका मोठा ठिपका आला, की यंत्रच बिघडलं की काय असं वाटावं. त्यांनी माहिती केंद्राला फोन लावला. तिथे लेफ्टनंट टायलर होता, या कामाला जवळजवळ नवखा. त्या सकाळी कॅलिफोर्नियाहून बी-१७ बॉम्बफेकी विमानं यायची होती आणि ती येणार असली की होनोलुलूचं रेडिओ केंद्र रात्रभर गाणी लावतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने सांगितलं, काळजी करू नका. विमानं किती असावीत हे लॉकार्डने त्याला सांगितलं नाही आणि विमानं कुणाची असावीत हे त्याने गुप्ततेपायी लॉकार्डला सांगितलं नाही. यंत्राने काम केलं, पण यंत्रामागे मित्र कोण, शत्रू कोण हे ओळखायची काही व्यवस्थाच नव्हती. गंमत म्हणजे त्याच रेडिओच्या गाण्यांवर दिशा धरून जपानी विमानंही येत होती.

हवाईतल्या अमेरिकी लष्कराचे प्रमुख जनरल शॉर्ट यांना भीती होती ती हवाईतल्या जपानी वंशाच्या लोकांकडून घातपाताची. म्हणून विमानतळांवर विमानं पंखाला पंख लावून उघड्यावर उभी केली, म्हणजे पहाऱ्याला सोपी. विमानविरोधी तोफांचा बराच दारूगोळा कोठारांत कुलूपबंद. १८८ विमानं नष्ट झाली, त्यातली बहुतेक जमिनीवरच, त्याचं मोठं कारण हे.

हल्ला करणाऱ्यांचंही सगळं सुरळीत नव्हतं. ठरलं होतं असं: बेसावध गाठलं तर हल्ल्याचं हवेतून नेतृत्व करणाऱ्या फुचिदाने इशाऱ्याचा एक बाण उडवायचा आणि टॉर्पेडोवाल्यांनी आधी जायचं, धुराने नौका झाकल्या जाण्याआधी. शत्रू सावध असेल तर दोन बाण, आणि सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्यांनी आधी जाऊन तोफा बंद पाडायच्या. फुचिदाने एक उडवला, पण लढाऊ विमानांच्या म्होरक्याने तो पाहिला नाही असं वाटून दुसरा उडवला. तो पाहून सूर मारणाऱ्यांनी ‘दोन’ मोजले आणि निघाले. त्यामुळे ७:५५ ला विमानतळांवर बॉम्ब आणि नौकांवर टॉर्पेडो जवळजवळ एकदमच सुरू झाले. टॉर्पेडोची पाच विमानं पडली, ती नंतर आलेल्या रांगेतली. तोवर तोफा जाग्या झाल्या होत्या. आजच्या भारतीय प्रमाणवेळेने तेव्हा रात्रीचे ११:५५ झाले होते.

बाहेरच्या बाजूच्या ओक्लाहोमा आणि वेस्ट व्हर्जिनिया या दोन नौकांची तुलना करावी. दोघींना डाव्या अंगाला बरेच टॉर्पेडो लागले. वेस्ट व्हर्जिनियावर लेफ्टनंट रिकेट्सने उजव्या बाजूच्या कप्प्यांत मुद्दाम पाणी सोडायला लावलं. नौका सरळ बसली, सरळच तळाला टेकली, डेक पाण्याच्या आसपास. मृत १०६. ओक्लाहोमावर तपासणीसाठी कप्प्यांची झाकणं उघडी होती, पाणी सोडायला उसंत मिळाली नाही, आणि पंधराएक मिनिटांत ती उलटली. पूर्ण उलटी मात्र झाली नाही: डोलकाठ्या चिखलात रुतल्या आणि नौका १५० अंशांच्या आसपास अडकली. मृत ४२९. तळ पाण्याबाहेर राहिला म्हणून आत अडकलेल्यांची ठोकाठोक ऐकू येत होती. गोदी कामगारांनी आधी गॅसने पत्रा कापायला घेतला, तर ज्योतीने आतला प्राणवायू खाल्ला, आतलं कॉर्कचं अस्तर धुमसलं, आणि पहिले दोघे गुदमरून गेले. मग हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्न्या आणल्या. तिथेही एक मेख होती: पत्र्याला भोक पडलं की अडकलेली हवा सुटते आणि खालून पाणी चढू लागतं, त्यामुळे भोक पडल्यावर फार घाई करावी लागे. अशा रीतीने ३२ जणांना बाहेर काढलं.

नागुमोंनी तिसरी लाट पाठवून तेलाच्या टाक्या आणि गोद्या उडवायला हव्या होत्या, हा वाद अजून चालतो. टाक्यांत सुमारे ४५ लाख बॅरल तेल उघड्यावर होतं हे खरं. पण मला हा वाद फुगवलेला वाटतो. जपानची २९ विमानं पडली, त्यातली २० दुसऱ्या लाटेत, म्हणजे तोफा जाग्या झाल्यावर. परत आलेल्यांत बरीच मोडकळीला आलेली. तेल-बॉम्ब भरून पुन्हा उडायचं तर परततानाच अंधार. अमेरिकेच्या एंटरप्राइझ आणि लेक्सिंग्टन या विमानवाहू नौका कुठे आहेत हे माहीत नाही. जहाजांचं जड तेल पेटवणं सोपंही नसतं. शिवाय फुचिदाने नंतर ज्या आठवणी सांगितल्या, त्या जपूनच वाचाव्यात.

वॉशिंग्टनमधला गोंधळही याच जातीचा. वाटाघाटी थांबवल्याचं १४ भागांचं पत्र दुपारी १ ला द्यायचं होतं, म्हणजे हवाईत ७:३०, कारण तेव्हा हवाईचं घड्याळ ग्रीनिचच्या साडेदहा तास मागे होतं. दूतावासात टंकलेखन रखडलं आणि पत्र २:२० ला दिलं गेलं. वेळेवर दिलं असतं तरी त्यात युद्धाची घोषणा नव्हतीच. आणि मलायात कोटा भारूच्या किनाऱ्यावर जपानी सैन्य पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या सुमारे दीड तास आधी उतरलंही होतं. तिथे पहिला मारा झेलला तो आपल्या १७ व्या डोग्रा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीने. ८ डिसेंबरला अमेरिकी संसदेने युद्ध पुकारलं: सिनेटमध्ये ८२-०, खालच्या सभागृहात ३८८-१. एकटं विरोधी मत जीनेट रँकिन यांचं. ११ तारखेला जर्मनी आणि इटलीने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारून उरलंसुरलं पूर्ण केलं.

आता पुन्हा १२ मीटरकडे. खोल समुद्रात बुडालेली नौका गेली ती गेली, पण इथे नौका ‘बुडाल्या’ म्हणजे चिखलावर बसल्या, आणि शेजारी सुक्या गोद्या, कारखाने शाबूत. कॅप्टन वॉलिन यांच्या हाताखाली पाणबुडे कामाला लागले. ‘कॅलिफोर्निया’ या युद्धनौकेच्या डेकभोवती लाकडी भिंती उभारून आतलं पाणी उपसलं. वेस्ट व्हर्जिनियाच्या भगदाडांवर मोठी ठिगळं बसवून त्यांच्या कडा पाण्याखाली काँक्रीट ओतून बंद केल्या. १७ मे १९४२ ला ती तरंगली. कामातला सगळ्यात मोठा धोका गॅसचा होता. समुद्राच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजलेलं मांस आणि कागद यांतून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. जास्त प्रमाणात असला की नाक बधिर होतं, वासच येईनासा होतो. ‘नेवाडा’ या युद्धनौकेवर यातच दोघे दगावले. त्यानंतर आत शिरण्याआधी हवा तपासणं आणि पंख्यांनी खेळती ठेवणं सक्तीचं झालं.

बंदरातल्या आठ युद्धनौकांपैकी अ‍ॅरिझोना आणि ओक्लाहोमा सोडून सगळ्या परत लढाईत उतरल्या. २५ ऑक्टोबर १९४४ च्या पहाटे फिलिपाइन्समधल्या सुरिगाव सामुद्रधुनीत जपानी ताफ्यासमोर सहा अमेरिकी युद्धनौकांची रांग उभी होती, त्यातल्या पाच पर्ल हार्बरच्या. पार बुडालेल्या वेस्ट व्हर्जिनियाची पुनर्बांधणी इतकी पूर्ण झाली होती, की तिच्यावर नेमबाजीचं नवं रडार होतं. तिने ३:५३ ला सुमारे २१ किमीवरून गोळे टाकायला सुरुवात केली. मेरीलँड १९४१ मध्ये फारशी दुखावली नव्हती, लवकर दुरुस्त होऊन कामाला लागली होती, म्हणून तिच्यावर जुनंच रडार राहिलं होतं. तिला लक्ष्य काही सापडेना. शेवटी वेस्ट व्हर्जिनियाचे गोळे पडून जिथे पाणी उडत होतं, त्यावर नेम धरून तिने मारा केला.